पडद्यावरच्या गोधड्या

बाईंनी शेकडो गोधड्या केल्या. त्यातली एकही कुणी पांघरली नव्हती. सगळ्या संगणकात होत्या.

बाई माझ्या शेजारी राहतात. वयाने माझ्या दुपटीहून मोठ्या, तरी मैत्रीण. पूर्वी त्या टायपिंगचा क्लास चालवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. टाइपरायटर भंगारात गेले, क्लास बंद पडला, एक संगणक तेवढा उरला. त्यात कुणीतरी गोधडी आखायचा प्रोग्राम घालून दिला. तेव्हापासून बाई त्याच्यापुढून हलल्या नाहीत.

नमुना एकच, त्यांच्या आईच्या हातचा. मध्ये लाल चौकोन. त्याच्याभोवती फिरत फिरत वाढत जाणाऱ्या पट्ट्या, दोन बाजूंना फिक्या, दोन बाजूंना गडद. आई तो जुन्या कपड्यांतून जमवायची. बाई माउसने जमवायच्या. रंग बदलला की नवी गोधडी. प्रोग्रामात एक खोलीही होती, पलंगासकट. तिथे गोधडी पसरून बाई भिंतीला रंग देत बसायच्या.

"घरात एवढ्या गोधड्या," बाईंचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, "आणि मी शाल गुंडाळून बसलोय."

"तुम्हाला कलेतलं काय कळतं?"

"थंडीतलं कळतं."

मग त्यांच्या लेकीने स्वतःचं घर घेतलं. जाताना इथलं काही नेलं नाही. कपाट जुनाट, भांडी जड, पडदे तर नकोच. बाईंना ते लागलं. आपल्या हातचं एक तरी काही तिच्या घरात असावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"गोधडी देते तुला," त्या फोनवर म्हणाल्या. "फोटो पाठवते, रंग निवड."

"आई, फोटो पांघरू का मी? रविवारी येते. झाली असेल तर नेते, नाहीतर दुकानातून दुलई घेते."

बाई उठल्या. शिलाई मशीनवरची धूळ झटकली. मी मदतीला गेले.

प्रोग्रामने प्रत्येक तुकड्याचं माप छापून दिलं. बाईंनी केसभरही न चुकता कापलं. शिवायला घेतलं, तर दुसऱ्याच फेरीला पट्टी लांब भरली. जास्तीचं त्यांनी छाटून टाकलं. पुढची आणखी लांब भरली.

"बाई, काहीतरी चुकतंय."

"कापड चुकतंय. चित्र बरोबर आहे."

मी साहित्य शिकलेली. असल्या वाक्याला आमच्याकडे पहिला वर्ग मिळतो.

शनिवारी गोधडी पलंगावर पसरली. ती मधोमध बेटासारखी बसली. काकांनी चारही बाजूंनी फिरून पाहिली.

"छान आहे. अर्धा माणूस झाकेल. कुठला अर्धा, ते लेकीला विचार."

बाईंनी संगणक उघडला. चूक पहिल्याच पानावर होती. शिवताना प्रत्येक तुकड्याच्या कडा आत जातात. त्यासाठी किती कापड जास्त सोडायचं, असं प्रोग्रामने विचारलं होतं. बाईंनी शून्य भरलं होतं. आकडा घातला की तुकड्यांभोवती तुटक रेषा उमटतात आणि चित्र विद्रूप दिसतं, म्हणून.

मला वाटलं, आता त्या रडतील. त्यांनी माउस धरला आणि प्रोग्रामातला पलंग बारीक केला. गोधडी काठोकाठ बसली.

"बघ," त्या म्हणाल्या. पण पलंगावरच्या गोधडीकडे त्यांनी पाहिलं नाही.

रविवारी लेक आली. पलंगाच्या कडेला बसली. मग मधल्या लाल चौकोनावरून तिने बोट फिरवलं.

"आजीची आहे ही."

"लहान झाली गं. तू आपली दुलईच घे."

"भोवती आणखी पट्ट्या लाव की. वाढतेच ना ही तशी?"

बाईंचा चेहरा उजळला. "प्रोग्रामात सोय आहे त्याची! थांब, आखून घेते."

लेकीने संगणकाची वायर उपटली आणि ती हातात धरूनच पलंगावर आडवी झाली.

"कात्री घे, आई."

"मापाशिवाय?"

"हे काय माप. पडलंय समोर."

बाई कात्री घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. मग त्यांनी उरलेलं कापड लेकीच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत ओढलं, अंदाजाने आणखी थोडं पुढे नेलं आणि कापलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी काका इस्त्री तापवून बसले.

संध्याकाळपर्यंत चारही बाजू झाल्या. एक कड दुसरीपेक्षा चांगलीच रुंद. एका कोपऱ्यात कापड फुगलेलं. लेकीने घडी घातली. बाई पिशवी शोधायला लागल्या.

"राहू दे गं, अशीच नेते," म्हणत लेक ती खांद्यावर टाकून जिना उतरली.

ती गेल्यावर बाईंनी वायर पुन्हा लावली. मला धडकीच भरली. त्यांनी चित्र उघडलं आणि कडेच्या पट्ट्या ओढून वाकड्या केल्या, अगदी शिवल्या होत्या तशा. पडद्यावर प्रश्न आला, कडा सरळ करू का?

"तुला विचारलंय कुणी?" बाई म्हणाल्या, आणि 'नाही'वर बोट दाबलं.