आई पुढे बसायच्या

पुढच्या महिन्यात आमची गाडी जाणार. सिंगापूरमध्ये गाडी ठेवायचा परवाना दहा वर्षांचा असतो. तो आणखी वाढवून घ्यायचा नाही असं आम्ही ठरवलंय. आम्ही म्हणजे मी आणि माझा आधीचा नवरा. आमच्यात आता मुलगी आणि ही गाडी एवढंच सामाईक उरलंय.

ही गाडी घेतली ती आईंसाठी. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर पुण्यातलं घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा मुलगी नर्सरीत होती. आम्ही राहतो त्या चोआ चू कांगहून एमआरटीच्या ट्रेन सगळीकडे जातात, त्यामुळे गाडी हवी असं तोवर कधी वाटलं नव्हतं. पण आईंचे गुडघे इतके दुखायचे की स्टेशनपर्यंत चालत जाणंही होईना. टॅक्सीत बसताना त्या दार धरून कळवळायच्या आणि मागचे गाडीवाले हॉर्न वाजवायचे. एकदा अशाच कशाबशा बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "मला घरीच ठेवत जा गं. तुमची पंचाईत होते." त्याच आठवड्यात आम्ही शोरूममध्ये गेलो.

तिथे आम्ही मायलेज वगैरे काही विचारलंच नाही. आई एकेका गाडीत बसून बघत होत्या. एक सेडान इतकी खाली होती की बसल्यावर त्यांना उठता येईना. मी आणि सेल्समननं दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं. सात जणांच्या मोठ्या गाडीत पाय टाकायचा तर पायरीच चढायला हवी. मग कोपऱ्यात एक छोटी एसयूव्ही दिसली, निळसर राखाडी रंगाची. आई तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, सीटवर टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला. घरातल्या खुर्चीत बसावं तशा सहज बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "ही माझ्या उंचीची आहे."

गाडी घरी आली त्या दिवशी सवयीनं त्या मागचं दार उघडायला लागल्या. मी म्हटलं, "आई, पुढे बसा. पाय मोकळे राहतील." पुढे बसून पट्टा शोधता शोधता त्या म्हणाल्या, "मी कधी पुढे बसलेच नाही गं. आमच्याकडे गाडी आली तेव्हा पुढे माझ्या सासूबाई बसायच्या. त्या गेल्या तोवर मुलं उंच झाली होती, त्यांचे पाय मागे मावायचे नाहीत. मग मी मागेच." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पुढच्या काचेतून रस्ता किती मोठा दिसतो, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

सकाळी मी गाडी काढायचे. मागे मुलगी आणि तिच्याशेजारी लॅपटॉप उघडून नवरा. पुढे, माझ्या डावीकडे, आई. मुलीला शाळेत सोडायचं, नवऱ्याला बुओना व्हिस्टाला त्याच्या ऑफिसात. माझं हिशेबाचं काम बरंचसं घरून चालायचं, त्यामुळे परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघीच असायचो. मार्केटमध्ये भाजी घ्यायची, मागे टाकायची आणि वेळ असेल तर लिम चू कांगच्या रस्त्यानं एक चक्कर मारायची. तो रस्ता सरळ जातो, दोन्ही बाजूंना झाडी आणि भाजीची शेतं. आईंना तिथे बरं वाटायचं. "इथे जरा माती दिसते," म्हणायच्या. त्या टोकाला पाण्याशी रस्ता संपतो. तिथे काच खाली करून आम्ही बसायचो आणि पलीकडचा मलेशियाचा किनारा बघत बोलायचो.

घरात आम्ही जे कधी बोललो नाही ते त्या गाडीत बोललो. दोघींचं तोंड समोर असलं, एकमेकींकडे बघावं लागलं नाही, की बोलणं सोपं जातं. एकदा त्या अचानक म्हणाल्या, "मला आधी एक मुलगी झाली होती. या दोघा मुलांच्या आधी. नाव ठेवायच्या आत गेली." मी विचारलं, "ह्याला माहीत आहे?" "कुणालाच नाही माहीत. आमच्या घरात तो विषय निघायचा नाही. मी तीन महिने रडले असेन, तेही मोरीत, नळ सोडून." मग काच वर करत म्हणाल्या, "चल, मासळीवाला उठून जाईल."

त्या दिवसापासून त्या मला सासूबाई वाटेनाशा झाल्या. दुसरा शब्द मला सापडला नाही. आई म्हणतच होते, तेच म्हणत राहिले.

आमचं लग्न मोडलं ते भांडून नाही. घरी आई आणि मुलगी असायच्या, म्हणून एका रविवारी संध्याकाळी खाली कारपार्कमध्ये गाडी लावल्यावर तो म्हणाला, "लगेच उतरू नकोस." मग स्टिअरिंगवरचे हात न काढता त्यानं सांगितलं की त्याच्या आयुष्यात दुसरी कुणी आहे, बऱ्याच दिवसांपासून आहे, आणि आता त्याला लपवणं जमत नाही. शेजारच्या जागेत एक कुटुंब सामान उतरवत होतं, त्यांचं बाळ आमच्याकडे बघून हसत होतं. मी एवढंच विचारलं, "आईंना सांगितलंस?"

"नाही. तू सांगतेस?"

"नाही," मी म्हणाले. "ते तू सांगायचंस."

त्यानं सांगायला एक महिना घेतला. ज्या रात्री सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारख्याच तयार होऊन खाली आल्या, नेहमीसारख्याच पुढे बसल्या. मुलीला शाळेत सोडलं. त्याला त्या दिवशी आम्ही सोडलं नाही, तो ट्रेननं गेला. शाळेच्या फाटकातून बाहेर पडल्यावर आईंनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"महिना झाला."

"आणि महिनाभर तू मला गरम पोळ्या वाढत होतीस."

त्यांनी गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि लिम चू कांगच्या त्या टोकापर्यंत उचलला नाही.

मुलीची शाळा जवळ होती, म्हणून फ्लॅट माझ्याकडे राहिला. तो शहराच्या दुसऱ्या बाजूला, हौगांगला भाड्यानं राहायला गेला. गाडी दोघांत ठेवायची असं ठरलं: आठवडाभर माझ्याकडे, शनिवार-रविवार मुलीसकट त्याच्याकडे. आणि आई? आईंचा इथे राहायचा पास मुलाच्या नावावर होता. पण पासचा प्रश्न नसता तरी काय झालं असतं? मुलगा असताना घटस्फोटित सुनेकडे कोण राहतं? हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही. सगळ्यांना उत्तर माहीतच होतं.

त्यांना हौगांगला मीच सोडलं. मागच्या सीट पाडून दोन बॅगा, गुडघे शेकायचा दिवा, लोणच्याच्या बरण्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवल्या. देव त्यांनी मांडीवर घेतले. निघताना म्हणाल्या, "हायवेनं नको नेऊस. लांबनं ने." मी गाडी अप्पर बुकित तिमाहवरून घेतली, मग ब्रॅडेल रोड. सिग्नल लागला की त्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या, ही त्यांची जुनी सवय. त्या दिवशी एकही वाचली नाही.

तो खाली उभाच होता. त्यानं बॅगा काढल्या, लिफ्टपाशी नेल्या. आई बसूनच होत्या.

"आई, उतरायचं ना?"

"उतरते गं. घाई काय आहे."

मी फिरून त्यांच्या बाजूला गेले, दार उघडलं. त्यांनी एक पाय बाहेर ठेवला, मग दुसरा, मग माझे दोन्ही खांदे धरून उभ्या राहिल्या आणि तशाच धरून राहिल्या. तो लिफ्ट अडवून वाट बघत होता. "तुला मी काय तोंड दाखवू," एवढंच त्या म्हणाल्या. जणू चूक त्यांची होती.

सुरुवातीला मी दर बुधवारी दुपारी जायचे. त्यांना घेऊन देवळात, कधी नुसतंच फिरायला. शनिवार-रविवारी त्याच गाडीत त्या मुलाबरोबरही जायच्या. मुलगी एकदा सहज म्हणाली, "आजी आता माझ्याबरोबर मागे बसते. पपा म्हणाले पुढे बस, तर नो, नो म्हणाली." मी विचारलं, का? मुलीनं खांदे उडवले आणि इथल्या इंग्रजीत म्हणाली, "डोण्ट नो लाह."

काही महिन्यांनी ती दुसरी त्या घरात राहायला आली. मी वर जाणं बंद केलं, खालूनच फोन करायचे. मग एका बुधवारी आई खाली आल्या त्या पर्स न घेता, घरातल्या चपलांवर. गाडीत बसल्या, पण पट्टा लावला नाही.

"आजपासून तू येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"कुणी काही बोललं का?"

"कुणी नाही बोललं. ती मुलगी वाईट नाही. मला चहा करून देते. पण तू येऊन गेलीस की दोन दिवस मला घर खायला उठतं, आणि ते त्या दोघांना दिसतं. त्याला वाटतं मी मुद्दाम तोंड पाडून बसते." मग त्या म्हणाल्या, "मला त्याच्याजवळच राहायचंय. दुसरं कुठे जाऊ? आणि गप्प बसायची मला सवय आहे. तुला माहितीये."

मला म्हणावंसं वाटलं, माझ्याकडे चला. आत्ता, अशाच, चपलांवर. मी म्हटलंही. त्या हसल्या. "वेडी आहेस," म्हणाल्या, आणि मी उतरायच्या आत दाराला धरून स्वतःच्या स्वतः उतरल्या. किती दुखलं असेल. लिफ्टपर्यंत गेल्या, मागे वळल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही फोनवर बोलायचो, सणावारी, मुलीच्या वाढदिवसाला. नेमकं काही बोलणं व्हायचं नाही. फोनवर जेवण, तब्येत, पाऊस. दोन वर्षांनी धाकटा मुलगा परदेशातून पुण्याला परतला आणि त्या त्याच्याकडे गेल्या. एअरपोर्टवर मी नव्हते. मला मुलीकडून कळलं.

आई वारल्याचा फोन यंदा आला, तोही मुलीकडून. शनिवार होता, ती हौगांगला होती. "ममा, आजी..." एवढंच बोलली आणि फोन बापाच्या हातात गेला. तो म्हणाला, "सकाळी झोपेतच. आम्ही दोघं, मी आणि लेक, दुपारच्या फ्लाइटनं निघतोय." मी वाट पाहिली. तो पुढे म्हणाला, "गाडी एअरपोर्टवर ठेवून जाणं बरं नाही. तू येशील का सोडायला?"

मी बसनं हौगांगला गेले आणि त्यांना चांगी एअरपोर्टला सोडलं. वाटेत तो एकदा म्हणाला, "नातेवाईक सगळे असणार. उगाच प्रश्न..." आणि थांबला. मी म्हटलं, "हो, कळतंय मला." उतरल्यावर त्यानं खिडकीपाशी वाकून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण त्याला रडू आलं. मागच्या टॅक्सीनं हॉर्न दिला. मी निघाले.

घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मला सुतक लागतं की नाही, हे विचारायलाही कुणी नव्हतं.

मुलगी आठवड्याभरानं एकटीच परत आली. त्याला तेराव्यापर्यंत थांबायचं होतं. मी तिला आणायला एअरपोर्टवर गेले. गाडी एक्सप्रेसवेला लागल्यावर ती बाहेर बघत, तिच्या इंग्रजी-मराठीत म्हणाली, "तिथे सगळे विचारत होते, तुझी आई कुठेय? पपा काहीच बोलले नाहीत. सो आय सेड, शी वॉन्टेड टू कम, बट नोबडी आस्क्ड हर."

एक्सप्रेसवेवर थांबता येत नाही. पुढच्या एक्झिटनं बाहेर पडले, कुठल्याशा ब्लॉकच्या कारपार्कमध्ये गाडी घातली, आणि इतके दिवस जे आलं नव्हतं ते आलं. मी मोठमोठ्यानं रडले. ट्रॉली ढकलत चाललेल्या दोन बायका थांबल्या, आत डोकावल्या आणि पुढे गेल्या. मुलीनं टिश्यूचं पाकीट फोडून माझ्या मांडीवर ठेवलं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तेराव्याला पानात वाढायला आजीला काय आवडायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. काका म्हणाले, श्रीखंड."

"श्रीखंड नाही गं," मी म्हणाले. "दह्याचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही त्यांना."

"देन व्हॉट?"

मग मी सांगितलं. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरचं उकडलेल्या शेंगदाण्यांचं गोड सूप, साखर कमी. मार्केटच्या दारातला सोललेला फणस. बांगड्याचं तिखलं, पण आदल्या दिवशीचं. ती ऐकत होती, मधेच विचारत होती. पार्किंगचं मशीन वेळ मोजत होतं, मोजू दे म्हटलं. बाहेर अंधारून आलं तेव्हा ती म्हणाली, "ममा, घरी जाऊ या. भूक लागली."

घरी जाऊन मी वरणभात लावला.