कंपनीला पाठवलेलं पाणी

मी लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही आता कुठे कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. उत्तरपत्रिका लिहिणं आणि घरी आलेली सरकारी पत्रं आईबाबांना वाचून दाखवणं, एवढाच माझा लेखन-वाचनाचा अनुभव. फ्रँचायझीबद्दल खरं म्हणजे ज्यांनी दहा दुकानं उभी केली त्यांनी लिहावं. आम्ही एकच मागत होतो. पण गेले तीन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता, आणि अजूनही ते आठवलं की मला एका जागी बसवत नाही. म्हणून लिहितो.

आम्ही तारकर्लीचे. बाबा मालवण स्टँडवर रिक्षा चालवतात. आई आसपासच्या लॉजच्या चादरी आणि अभ्रे धुते. परसात धुण्याचा दगड, त्याला लागून बाव, म्हणजे आमची विहीर, आणि माडांना बांधलेल्या दोऱ्या. एवढाच आमचा कारखाना. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत. गेल्या पावसाळ्यात एका लॉजवाल्याने दमट वास येतो म्हणून सगळं गाठोडं परत पाठवलं. आईने ते सगळं पुन्हा धुतलं. दोन दिवसांनी मला म्हणाली, "झिला, मशीन घेवन ह्यो धंदो होता काय रे? तुझ्या पुस्तकात काय लिवला आसा?"

पुस्तकात फ्रँचायझीवर दीड पान होतं. मी ते दोनदा वाचलं, मग मोबाईलवर शोधाशोध केली आणि पुण्याची एक लाँड्री कंपनी सापडली. जेवताना सगळं समजावून सांगायला लागलो. नाव त्यांचं, दुकान आपलं. सुरुवातीला एकदा फी द्यायची, पुढे दर महिन्याच्या धंद्यातला ठरलेला हिस्सा. मशिनं ते सांगतील तीच, पावडर त्यांच्याकडूनच, चादरीची घडीसुद्धा त्यांच्या पुस्तकात दाखवलीय तशीच. त्याबदल्यात ते पुण्याला नेऊन शिकवणार, मशीन बिघडलं तर माणूस पाठवणार, आणि आपल्या हद्दीत पाच वर्षं दुसऱ्या कोणाला दुकान देणार नाहीत.

आईचा घास हातातच राहिला. "म्हणजे घर माजा, चूल माजी, आणि मीठ किती घालूचा ता सासू सांगतली?"

"आणि सासूक दर महिन्याक पैसे पण देवचे," बाबा म्हणाले.

"तुमच्या आवशीन ह्याच केल्यान, फुकट," आई म्हणाली, आणि बाबा एकदम आमटीकडे वळले.

मग तिने खरा प्रश्न विचारला. "पण मालक कोण?"

"मालक तूच. अर्ज तुझ्या नावाने करायचा."

तिच्या नावावर तोपर्यंत फक्त रेशनकार्ड होतं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर परसातला मांगर, जिथे आम्ही नारळाची सोडणं आणि झावळ्या ठेवतो, तो तिने रिकामा करून झाडून काढला होता. "मशीन हयसर ऱ्हवात," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी दप्तर खाली न ठेवताच पावलांनी मांगर मोजायला लागलो.

अर्ज केला. कंपनीच्या मॅडमचा फोन आला. देवबागपासून मालवण बंदरापर्यंत एकच दुकान द्यायचं होतं आणि मालवणातून आणखी एक अर्ज होता. जागेचे फोटो आणि बाटलीभर पाणी तपासायला पाठवा, म्हणाल्या. मी कॉलेजातूनच आईला फोन केला, "कंपनीक पाणी पाठवूचा आसा, बाटली भरून ठेव." तिने भरून ठेवली. मी कुरिअर केली. पंधरा दिवसांनी अहवाल आला, पाणी उत्तम, पाणी मऊ करणाऱ्या वेगळ्या यंत्राची गरज नाही. पाठोपाठ कंपनीची तोंडी संमतीही आली. बाबांनी त्या दिवशी एका भाड्याचे पैसेच घेतले नाहीत. आईने पुण्याच्या प्रशिक्षणासाठी चेनवाली बॅग आणली आणि खुंटीला टांगून ठेवली.

करारावर सही करण्याआधी त्यांचं दुकान आधीपासून चालवणाऱ्यांशी बोलावं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. कंपनीने नंबर दिले होते, पण अनोळखी माणसाला फोन करायला मी चार दिवस धजलो नाही. शेवटी फोंडाघाट चढून पलीकडे, कोल्हापूर भागात दुकान असलेल्या एकांना लावला. मी तीनदा "सॉरी" म्हणालो तेव्हा ते हसले.

"इचार की भावा, लाजतोस कशाला? मी बी पयल्यांदा असाच घामाघूम झालतो." पहिलं वर्ष अवघड गेलं, दुसऱ्यापासून जमलं, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "एक ध्यानात ठेव. पाणी बघून घे. माझ्या बोअरचं पाणी जड निघालं. मशीनच्या हीटरवर चुन्याचा थर बसला आन् हीटर जळाला. नमुना चुकीचा दिलता, म्हणून वॉरंटी नाय मिळाली."

फोन ठेवला आणि मी थेट परसात गेलो. आमच्या परसातल्या बावीचं पाणी मचूळ असतं. साबणाला फेस येत नाही. मग ते उत्तम कसं निघालं?

आई दोरीवर चादर टाकत होती. "आई, त्या बाटलीत खंयचा पाणी घातलंस?"

"वरच्या बावीचा. फडक्यान गाळून."

वरची बाव म्हणजे वाडीच्या टोकाची, गोड्या पाण्याची. पिण्यासाठी आम्ही तिथून कळशीने आणतो.

"पण धुवूक परसातला वापरतलो ना आपण!"

"अरे मेल्या, लोकांनी पुण्यासून पाणी मागितल्यानी," ती म्हणाली, "आणि मी तेंका मचूळ पाठवू? घराक काय म्हणतले?"

मला हसू येईना, रागही येईना. आमच्याकडे दारात आलेल्या कोणालाही वरच्या बावीचंच पाणी देतात. चूक माझी होती. तपासणी कशासाठी ते मी तिला सांगितलंच नव्हतं.

बाबा म्हणाले, "आता गप ऱ्हव. तेंका कळला तर मालवणवालो घेवन जायत." मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं. बॅग खुंटीला होती. पण हीटर जळला असता तर तो आईचा जळणार होता. मालक ती होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनेच कागद पुढे ठेवला. "लिही. खरा काय ता लिही. माजा नाव घाल." मी लिहिलं, खरं पाणी कुठलं, नमुना कुठला, आणि तो का पाठवला. सोबत परसातल्या बावीची बाटली. खाली आईने सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

मग कंपनीकडून काहीच आलं नाही. दहा दिवस गेले. मी दर तासाला मोबाईल बघायचो, आणि आई बघायची नाही.

परवा कॉलेजच्या वाचनालयात बसलो होतो तर तिचाच फोन. मी बाहेर धावलो.

"मॅडमचो फोन इल्लो. मी बोललंय तेंच्याशी, तुझ्यासारखी पुस्तकातली मराठी बोललंय," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "'मी मालक बोलतेय' म्हटलंय."

"काय म्हणाल्या?"

"त्या मालवणवाल्याक पण तेंनी परत पाणी मागितल्यानी. तेणां पण बाटलीत गोडाच भरलेला!" ती हसायला लागली आणि थांबेचना. मागून बाबांचंही हसणं ऐकू येत होतं. "आता मॅडम सोताच्या बाटल्ये घेवन येतली हत, पाणी सोता भरूक. यंत्र बसवचा लागात. पण तू आईक रे आधी. आपण पत्रान आधी खरा सांगितला म्हणान हद्द आमका दिल्यानी. देवबागपासून बंदरापर्यंत. सोमवारी माका पुण्याक बोलवल्यानी."