बाबांनी प्यायलेलं सोंगक्रान

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कंपाउंडमध्ये बाबांच्या प्लांटचे फोरमन प्रसितकाका राहतात. थायलंडचे, बौद्ध, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याला आदराचं "खाप" जोडणारे: "तन्वी, चाय नो शुगर खाप!" मी त्यांची हुबेहूब नक्कल करते, तेव्हा सगळ्यांत जोरात तेच हसतात.

सौदीकरणात त्यांची जागा एका सौदी मुलाला मिळणार आहे. त्याला शिकवायचं म्हणून काकांची एप्रिलची रजा गेली. एप्रिलमध्येच सोंगक्रान, त्यांचं नवं वर्ष. तेव्हा धाकटे थोरांच्या हातांवर सुगंधी पाणी ओततात आणि आशीर्वाद घेतात.

"सिक्स्टी हो गया. धिस इयर पोता-पोती पानी डालनेवाले थे खाप," काका आमच्याकडे चहाला आले तेव्हा म्हणाले.

"मग आम्ही कशाला आहोत?" आई म्हणाली.

शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये आधी मी आणि मग बाबांनी त्यांच्या हातांवर मोगऱ्याच्या अत्तराचं पाणी ओतलं. आशीर्वादासाठी त्यांनी ओली बोटं बाबांच्या डोक्याकडे नेली, तर बाबांनी सवयीने उजवा तळहात पुढे केला आणि पडलेले थेंब डोळे मिटून तीर्थासारखे पिऊन टाकले.

"अहो, अत्तर आहे ते!" आई किंचाळली.

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी नातवंडांना व्हिडिओ कॉल लावला आणि बाबांना म्हणाले, "एक बार और, सर. बच्चा लोग देखेगा खाप."

बाबांनी मुकाट्याने हात पुढे केला.