बंद पोर्टवरून आलेला फोन

आधीच सांगतो, असल्या गोष्टींत मी कायम खोडा घालणारा माणूस. आई म्हणते, "हा देवाकडे पण प्रूफ मागेल!" या सदरातले अनुभव वाचून मीच कितीदा हसलोय. तेव्हा आता तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही...

आम्ही ग्वाल्हेरचे. माझं ऑफिस फूलबागेजवळ. डोंगरात जिथे केबल पोचत नाही, तिथल्या कॅम्पांना आम्ही सॅटेलाइटवरून फोन आणि इंटरनेट देतो. तिथल्या मोडेमला मागे तीन पोर्ट – एक शहरातल्या डॉक्टरच्या व्हिडिओचं, एक ऑफिसच्या कामाचं, एक घरच्यांशी बोलायचं. आभाळ भरून आलं की लिंक आकसते. मग कोणाचं ट्रॅफिक आधी सोडायचं, ते मी इथे बसून ठरवतो. घरचे फोन कायम शेवटी. नियमच तसा.

आणि माझी बायको मुग्धा त्यातल्याच एका कॅम्पवर, बोगद्याच्या कामावर जिऑलॉजिस्ट! म्हणजे बायकोचा आवाज सगळ्यांच्या मागे उभा करणारा मीच. काय नशीब बघा.

बरं, फोन लागला तरी बोलणं कसलं... सॅटेलाइटवर आवाज पोचायला वेळ लागतो. मी "जेवलीस?" विचारायचं, गप्प बसायचं, मग तिचं उत्तर. मध्ये कोणी बोललं की दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं. शिवाय तिच्या मागे फोनसाठी माणसं उभी, म्हणून बाईसाहेब फक्त हवापाणी सांगणार. इतकी आठवण यायची तिची की महाराज बाड्याच्या चौकात तिच्या आवडीची बेडई, ती डाळ भरलेली पुरी, तळताना दिसली तरी मी मान फिरवायचो.

त्या आठवड्यात तिकडे हवा खराब होती. घरचा एकही फोन लागला नव्हता. एका दुपारी शेजारच्या टेबलावरचे मिश्राजी ओरडले, "भैया, डॉक्टर की लाइन टूट रही है! पेशंट सीरियस है. फॅमिली वाला पोर्ट बंद कर दो."

मी बंद केलं. सगळी जागा डॉक्टरच्या व्हिडिओला दिली. थोड्या वेळाने लाइन स्थिर झाल्यासारखी वाटली आणि माझ्या मनात आलं – एक मिनिट उघडू? फक्त "बरी आहेस ना" एवढंच विचारायला. जीव अगदी कासावीस झाला होता हो. हात माउसवर गेलासुद्धा.

तेवढ्यात टेबलावरचा कॅम्पचा फोन वाजला, त्याच बंद पोर्टवरचा.

"उघडू नकोस हं," मुग्धा म्हणाली.

"अगं, तू कुठून–"

"माझं ऐक ना आधी!" तिने मला मध्येच तोडलं. ती नेहमीची मधली शांतता नाही, काही नाही... शेजारच्या खोलीतून बोलावं तसं. "डॉक्टरचं बोलणं तुटू देऊ नकोस. आणि... तुझी फार आठवण येते रे. फार."

फोन बंद. मी माउसवरून हात काढून घेतला.

संध्याकाळी कॅम्पच्या मॅनेजरांनी सांगितलं. पेशंट मुग्धाच होती. उंचीमुळे तिच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं आणि दुपारभर ती बेशुद्ध होती. डॉक्टर व्हिडिओवर एकेक सांगत होते, तिथला कंपाउंडर तसं करत होता. "आपके हाथ काँपते, इसलिए नहीं बताया." मी खुर्चीतच लहान पोरासारखा रडलो.

नंतर लॉग काढून बघितला. पोर्ट बंदच होतं. त्यावरून डेटाचं एक पॅकेट आलं नव्हतं की गेलं नव्हतं. मिश्राजी म्हणतात, "घंटी तो मैंने भी सुनी थी."

मुग्धा बरी होऊन घरी आली, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती खो-खो हसली. "वेडा का तू? बेशुद्ध बाई फोन कशी करेल!" फोनवरचं ते आठवणीचं शेवटचं वाक्य सांगितल्यावर मात्र तिचं हसू ओसरलं.

"मी रोज तेवढंच बोलायचं ठरवून फोनपाशी जायचे," ती म्हणाली. "मग मागे माणसं दिसायची... आणि तुला हवापाणी सांगून परत यायचे."

तो फोन कोणी केला, मला आजही माहीत नाही. नेटवर्कमधल्या भल्याभल्यांना विचारून झालं. तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा.

काम अर्धवट होतं, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मुग्धा परत वर कॅम्पवर गेलीय. काल तिचा फोन आला. मागे सगळ्यांचा गलका. तरी तिने ते वाक्य म्हटलं – मोठ्यांदा, सगळ्यांच्या देखत. मागून कोणीतरी शिट्टी मारली.