खंडेनवमीला काढलेली जाळी

सुपरवायझरांनी मला टोमॅटोच्या पालथ्या क्रेटवर उभं केलं. सुरक्षा सप्ताह चालू होता. समोर सगळ्या कामगार बायका, डोक्यावर निळ्या टोप्या.

"ह्या बाईंना लई कळतं," ते म्हणाले. "शपथ ह्याच वाचतील."

मी वाचली. शेवटचं वाक्य होतं, काही धोकादायक दिसल्यास वरिष्ठांना त्वरित कळवीन. कळवलं होतं, म्हणूनच तर क्रेटवर होते. बायका हसल्या. माझ्या शेजारी काम करणारी सुमनही हसली. मला काहीच वाटलं नाही. उतरून कामाला लागले.

कळवलं होतं ते इतकंच. वारूळवाडीजवळच्या आमच्या पल्पच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. टोमॅटो पुढे नेणाऱ्या पट्ट्याच्या साखळीवरची लोखंडी संरक्षक जाळी त्या दिवशी धुवायला काढली. तिला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. परत बसवलीच नाही. जाळी नसली की पट्टा लवकर धुऊन होतो, हे ज्ञान सुपरवायझर साहेबांना त्या पूजेतच झालं. जाळी गेली स्टोअरमागे, माळेसकट. साखळी उघडी.

मी सांगायला गेले, तेव्हा हेच सुपरवायझर, मालकांचे भाचे, म्हणाले होते, "पूजा केलीय ना राव तिची. आता काय व्हतंय?"

सप्ताह संपला. तिसऱ्या दिवशी सुमनचा हातमोजा साखळीत गेला. मोज्यात बोटं होती. दोन गेली.

पट्टा धुतला आणि तासाभरात सुरू केला. मी टोमॅटो निवडत राहिले. पिकलेले इकडे, सडके तिकडे. हात बरोबर चालत होते.

दुपारी सुपरवायझरांनी ऑफिसात बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची मिळाली. माझं अक्षर चांगलं. सुमनच्या निष्काळजीपणामुळे झालं, असं लिहायचं आणि साक्षीदार म्हणून खाली सही करायची.

मी लिहिलं. खंडेनवमीला जाळी काढली. बसवली नाही. मी सांगितलं होतं. मला क्रेटवर उभं केलं. खाली सही केली.

त्यांनी वाचलं. कागद माझ्याकडे सरकवला. "उद्यापासून येऊ नका."

"येनार. आन् जाळी बसल्याबिगर पट्ट्याला हात लावनार न्हाई."

कागद घेतला. स्टोअरमागून जाळी ओढत आणली. वाळलेली माळ तोडून टाकली. जाळी पट्ट्याला टेकवून ठेवली आणि लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. क्रेट पालथा घातला, आपणहून वर चढले आणि जबाब वाचायला सुरुवात केली.

कोणी हसलं नाही. हसलं असतं तरी थांबले नसते.