पाठवणीची संथ धून

माझ्या मुलीच्या लग्नात क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला आमच्या घरात आजही ‘झोपाळू बँडवाला’ म्हणतात. गोल बाजारात ठरवलेल्या बँडचा तो म्होरक्या. लाल कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती, आणि वाजवण्याआधी क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पट्टी तो विडा चघळावा तशी तोंडात घोळवायचा.

पाठवणीची त्यांची धून छोटी होती, वरातीसारखीच उडती. ती संपली की मुलीनं गाडीत बसायचं, असं ठरलेलं. मी हळूच त्याच्यापाशी गेलो.

“भाऊ, जरा हळू वाजवा.”

“कितीक हळू, काकाजी?”

“जमेल तितकं.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “मग सूरही उतरवतो. उंच सुरात लोक नाचून राहतात, उतरल्यावर उभेच राहतात.”

त्यानं ती धून इतकी ओढली की ढोलवाला दोन ठोक्यांच्या मधे जांभई देऊ लागला. मुलगी माझ्या खांद्यावरून डोकं काढेना. व्याही वैतागले, “काहून गा, झोपून राहिला का?” सगळे हसले. मीही हसलो. फुगलेल्या गालांनी त्यानं माझ्याकडे पाहून फक्त भुवई उडवली.

धून संपताच त्यानं तीच पुन्हा सुरू केली. झोपेत काय वाजवलं हेही त्याला आठवत नव्हतं, असं मुलगी अजून नक्कल करून सांगते.

बाळ, त्याला सगळं आठवत होतं. मधे श्वास घेताना त्यानं मला विचारलं होतं, “काकाजी, अजून एकदा?”

मी मान डोलावून ‘हव’ म्हणालो होतो.