ढोल उचलणारा

मायाप्पाच्या गळ्याचा विषय निघाला की चाळीतली जुनी माणसं एकच सांगायची, "गळा देवानं दिला हुता, जीब मातुर त्येची सोताची." अहो, त्या जिभेनं एकदाच घाण केली. पण अशी केली की उरलेला जन्म ती निस्तरण्यात गेला.

मायाप्पा आणि रेवणप्पा एकाच वस्तीवरचे, सांगोल्याकडच्या माळावरचे धनगर. मेंढरं राखता राखता दोघं बिरोबाच्या ओव्या शिकले. पुढं लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं, मेंढरं गेली, आणि दोघं सोलापुरात येऊन गिरणीत लागले. चाळीत खोल्या शेजारी शेजारी, खाती मात्र वेगळी. मायाप्पा सुताचे गठ्ठे बांधायचा. रेवणप्पा कापूस पिंजायच्या खात्यात. तिथं माणूस सकाळी काळा आत जातो नि संध्याकाळी पांढरा बाहेर पडतो. तो कापसाचा कीस रेवणप्पाच्या घशात बसला आणि त्याचा आवाज घोगरा झाला तो कायमचाच.

तरी ओवीला बसायची जोडी हीच. धनगरी ओवी हे एकट्याचं काम नव्हे. एकानं टाकायची, दुसऱ्यानं झेलायची, म्हणजे तिथून पुढं न्यायची. मायाप्पा ढोल गळ्यात अडकवून ओवी टाकायचा, रेवणप्पा मोठाल्या झांजा घेऊन झेलायचा. सुरुवातीला सुंबरान मांडायचं, म्हणजे देवाचं नाव घेऊन त्याला बोलवायचं. डोंगरावरून, माळावरून, ओढा ओलांडून देव आपल्यात येऊन बसतो. आणि एकदा बोलवला की त्याला तसाच सोडून उठायचं नाही! आला त्या वाटेनं माघारी डोंगरावरच्या त्याच्या ठाण्याला पोचवायचा, मगच ढोल भुईला टेकवायचा. बोलवायचं काम मायाप्पाचं. पोचवायचं काम रेवणप्पाचं. वीस वर्षांत त्यात फरक पडला नव्हता.

आणखी एक रीत होती. देवाचा ढोल ज्यानं वाजवायचा त्यानंच वाहायचा. दुसऱ्याच्या, त्यातून हमालाच्या, खांद्यावर तो द्यायचा नाही. मायाप्पा कितीही थकलेला असो, ढोल त्याच्याच गळ्यात असायचा.

साल एकोणीसशे पंचवीस असेल. पेटी वाजवणारे आबासाहेब म्हणून एक गृहस्थ शहरात होते. नाटकवाल्यांत ऊठबस, अंगाला अत्तराचा वास. ते एके दिवशी थेट चाळीत आले. "मायाप्पा, प्लेटी भरणारी कंपनी आलीय गावात. चावीच्या बाज्यात, ग्रामोफोनात वाजतात ना, त्या प्लेटी. तुझा आवाज साहेबाला ऐकवायचाय. पार मुंबई-पुण्यापर्यंत जाशील. प्लेटीवर नाव छापतील तुझं!"

आता नाव छापणार म्हटल्यावर कोण हुरळणार नाही? मायाप्पाला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, आणि हा तर मेंढ्या राखणारा, त्याला तरी ही म्हण आठवावी! पण नाही. नवा फेटा बांधला, ढोल गळ्यात घेतला आणि निघाला. रेवणप्पाही झांजा फडक्यात बांधून शेजारी चालू लागला. त्याला कुणी या म्हटलं नव्हतं. या म्हणायचं असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. ओवी म्हणजे दोघं.

एका रिकाम्या बंगल्यात भिंतींना गोधड्या टांगून खोली केली होती. एका भिंतीतून मोठा कर्णा बाहेर आलेला. त्यात तोंड घालून गायचं, म्हणजे पलीकडं मेणावर सुई ओरखडे काढते. मायाप्पानं ढोलावर पहिली थाप मारली मात्र, पलीकडून साहेब ओरडतच आला. सुई उडाली होती. आबासाहेब म्हणाले, "ढोल नको. बाहेर ठेव. मी पेटी धरतो, तबलजी आहेच." ढोल बाहेर गेला. मायाप्पाला जरा चुटपुट लागली.

मग साहेबाची नजर रेवणप्पाकडं गेली. तो कोपऱ्यात उकिडवा बसून झांजा सोडत होता, आणि सोडता सोडता खाकरला. कीस बसलेला घसा तो, पत्रा घासल्यासारखा वाजला. साहेबानं कपाळाला आठ्या घातल्या. आबासाहेबांनी विचारलं, "मायाप्पा, हा कोण रे?"

इथं जरा थांबा. मायाप्पाच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं, ते त्यानं पुढं आयुष्यभर स्वतःला उलटसुलट विचारलं. माझा जोडीदार म्हणावं, तर म्हणतील गाऊन दाखव. तो गाईल, यांना तो घसा आवडायचा नाही, आणि दोघांनाही वाटेला लावतील. मग नाव? छापलेलं नाव? माणसाला विचार करायला एवढाच वेळ मिळतो. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

"त्यो व्हय?" मायाप्पा म्हणाला. "त्यो काय न्हाय. ढोल उचलायला आलाय."

"मग ढोलापाशीच बसू दे की," आबासाहेब हसले.

रेवणप्पानं वर पाहिलं. सोडलेलं फडकं पुन्हा बांधलं आणि बाहेर जाऊन ढोलाशेजारी बसला. मायाप्पाची मान जी खाली गेली, ती कर्ण्यात तोंड घालूनच वर आली.

गायला मात्र तो झकास. त्यानं सुंबरान मांडलं, देवाला हाक घातली. देव डोंगर उतरला, माळ ओलांडला, ओढ्यापाशी आला, आणि तेवढ्यात आबासाहेबांनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. मेण संपत आलं होतं. आधीच ठरलेलं होतं, चिमटा काढला की थांबायचं आणि नाव सांगायचं. जिथं रेवणप्पाची झेल यायची, नेमक्या त्याच जागी मायाप्पा ओरडला, "मायाप्पा सोलापूरकर!"

आणि देव राहिला ओढ्यात उभा.

बाहेर आला तर रेवणप्पा ढोल गळ्यात घालून तयार.

"आन हिकडं त्यो," मायाप्पा म्हणाला.

"ऱ्हाऊ दे की. तू म्हनलास न्हवं, ढोल उचलायला आलोय?"

"आरं, तसं न्हवं..."

"तुजा शबूद खोटा नगं पडाया," रेवणप्पा म्हणाला, "देवाचं काम करायला गेला हुतास. खोटं बोललास आसं झालं तर पाप लागंल तुला." आणि तो पुढं चालू लागला. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मंगळवार पेठेतून चाळीपर्यंत लोक बघत होते, नवा फेटा बांधलेला मायाप्पा रिकाम्या हातानं मागं, आणि ढोल रेवणप्पाच्या गळ्यात. ओळखीच्या एकानं विचारलंसुद्धा, "आरं मायाप्पा, हात मोडला का काय?" मायाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर भांडण नाही, अबोला नाही. रेवणप्पा पूर्वीसारखाच तंबाखू पुढं करायचा. पण अमावस्येला बिरोबापुढं बसायची वेळ आली की मायाप्पा घसा धरल्याचं निमित्त सांगायचा. रेवणप्पाशेजारी बसायला तोंड होतं कुठं त्याला?

पाच-सहा महिन्यांनी प्लेट आली. गिरणीच्या दारासमोर चनबसप्पाचं चहाचं हॉटेल होतं, त्यानं नवाच बाजा घेतला होता. संध्याकाळी गिरणी सुटली की प्लेट लागायची. पहिल्या दिवशी ही गर्दी! तेलुगू साळी म्हणू नका, मुसलमान म्हणू नका, सगळे कान देऊन उभे. मायाप्पाची छाती फुगली, खोटं कशाला बोला. आवाज घुमत घुमत ओढ्यापाशी आला, आणि बाजा खणखणीत ओरडला, "मायाप्पा सोलापूरकर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मायाप्पाला मात्र कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं वाटलं. तो चहा टाकून उठला, आणि पुन्हा त्या हॉटेलची पायरी चढला नाही.

पंधरा दिवसांनी त्याची बायको अंबुबाई पाणी भरून आली ती हंडा आदळतच. "अवो, तुमास्नी ठाव हाय का काय? त्यो रेवनाभावजी रोज हाटेलापुढं हुबा ऱ्हातोय. तुमची प्लेट सरली की म्होरलं सोता म्हनतोय. लोकं हसत्यात. प्लेटीची दुसरी बाजू म्हनत्यात त्येला!"

मायाप्पाची तळपायाची आग मस्तकात गेली. हा मला चारचौघांत उघडा पाडतोय! दुसऱ्या दिवशी गिरणी सुटताच तो तरातरा निघाला, आणि समोरच्या पानाच्या ठेल्याआड उभा राहिला. प्लेट लागली. प्लेट संपली. "मायाप्पा सोलापूरकर!"

अंगावर कीस तसाच असलेला रेवणप्पा रस्त्याच्या कडेला उभा होता. त्यानं मुंडासं काढून काखेत धरलं, चपला काढल्या, आणि त्या घोगऱ्या आवाजात झेल घेतली. पोरंसोरं खाकरून त्याची नक्कल करत होती. एक जण म्हणाला, "चनबसप्पा, चावी दे रे हिला, खरखरतीय!" हसण्याचा नुसता कल्लोळ. रेवणप्पा डोळे मिटून देवाला ओढ्यातून बाहेर काढत होता, माळावरून नेत होता, डोंगर चढवत होता. मधे दोनदा खोकल्यानं अडला, दोन्ही वेळा जिथं अडला तिथूनच पुढं निघाला. देवाला ठाण्यावर बसवला आणि शेवटी रीतीप्रमाणं नावं घेतली, "सुंबरान मांडलं मायाप्पानं. ढोल उचलला रेवणप्पानं."

मायाप्पा भांडायला आला होता. त्याचे पाय तिथंच खिळले. हा आपल्याला उघडं पाडत नव्हता, झाकत होता. आपण अर्ध्यावर टाकलेला देव रोज घरी पोचवत होता, लोकांचं हसं सोसून. आणि आपलं ते घाणेरडं वाक्य देवापुढं खरं करून दाखवत होता. रस्ता ओलांडावा, पाय धरावेत, असं वाटलं. पण समोर एवढी माणसं! लोक काय म्हणतील? मायाप्पानं घोंगडं तोंडावर ओढलं आणि तो बोळातून पळाला. होय, पळालाच. त्याला स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती, प्लेट भरली त्या दिवशीसुद्धा नाही.

त्यानंतर वर्षभर तो रोज ठेल्याआड उभा राहायचा आणि रेवणप्पानं झेल घ्यायला तोंड उघडलं की पळून यायचा.

एका थंडीत रेवणप्पानं अंथरूण धरलं. छातीचा भाता झाला होता. त्या संध्याकाळी मायाप्पा सवयीनं ठेल्याआड उभा. प्लेट संपली, नाव घुमलं, आणि पुढं काहीच नाही. नुसती सुई खरखर फिरत राहिली. हसणारी माणसंसुद्धा इकडंतिकडं बघू लागली. चनबसप्पा दारात येऊन म्हणाला, "आरं, आज दुसरी बाजू कुटं गेली?"

मायाप्पानं ठेल्याआडूनच तोंड उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ती झेल येतच नाही. वीस वर्षं शेजारी बसून कान दिला नव्हता. आपलं झालं की मायाप्पा मनातल्या मनात शाबासकी मोजत बसायचा. देवाला आणायची वाट तोंडपाठ, न्यायची वाट एक ओळसुद्धा नाही!

तो तसाच रेवणप्पाच्या खोलीवर गेला. उंबऱ्यातच बसला. "रेवना, मी तुला हमाल केला."

"केलास की. ऐकलं मी."

"माजं चुकलं."

रेवणप्पानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तसाच म्हणाला, "चुकलं तर चुकलं. देव कुटं हाय?"

"ओढ्यातच," मायाप्पा रडायला लागला. "माघारी न्यायची वाट मला येत न्हाय."

"कशी येनार? तू कवा माघारी आलास?" रेवणप्पानं धाप टाकली. "बस हितं. मी टाकतो, तू झेल."

वीस वर्षांत पहिल्यांदा रेवणप्पानं टाकली आणि मायाप्पानं झेलली. एकेक ओळ, मधे खोकला, पुन्हा ओळ. आठ दिवस लागले. माफ केलं, असं रेवणप्पा एकदाही म्हणाला नाही. मायाप्पानंही विचारलं नाही.

नवव्या दिवशी गिरणी सुटल्यावर मायाप्पा ढोल गळ्यात घालून चनबसप्पाच्या हॉटेलापुढं उभा राहिला. ठेल्याआड नाही, भर रस्त्यात. फेटा काढला, चपला काढल्या. बाजा ओरडला, "मायाप्पा सोलापूरकर!" आणि त्याच्याच मागोमाग त्याच आवाजानं झेल घेतली. आधी कुणाला उमगेना. मग एकानं ओळखलं, "आरं, ह्यो तर प्लेटीतलाच की! बाज्यातनं भाईर पडला!" असं हसू फुटलं म्हणता! मायाप्पाचे कान तापले, घोंगड्याकडं हात गेला, पण त्यानं तो माघारी ढोलावर आणला. चुकत, अडखळत, घामाघूम होऊन त्यानं देवाला ओढ्यातून काढलं, माळ ओलांडला, डोंगर चढवला. तिकडं चाळीत रेवणप्पाचं दार उघडं होतं, ढोल तिथवर ऐकू जात होता.

देव ठाण्यावर बसला. नावं घ्यायची वेळ आली. मायाप्पानं समोरच्या हसणाऱ्या माणसांकडं एकदा नीट पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला,

"देव पोचवला रेवणप्पानं. ढोल उचलला मायाप्पानं."